आजीची चिनीतली लक्ष्मी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग सुनेने कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. असो. आज लिहायला कारण तसंच घडलंय.

गेल्या रविवारी पुतण्याचा फोन आला. "आत्या, ती पणजीची टाइल आहे ना, लक्ष्मीची, तिला गिऱ्हाईक आलंय. पुण्याचा एकजण जुन्या वस्तू घेतो. चारही टाइल्स दे म्हणतो, फुटका मोरसुद्धा चालेल म्हणतो. देऊन टाकू का?"

त्याने आकडा सांगितला. माझ्या नोकरीच्या पहिल्या अख्ख्या वर्षाचा पगार मिळून तेवढा नव्हता! मी म्हटलं, "थांब जरा. आठ दिवस दे मला." पोरगं गुणी आहे, थांबलं. पण त्याला काय सांगायचं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय ते फक्त त्याला सांगून भागणार नाही, आपल्या सगळ्या घरालाच सांगायला हवं. म्हणून हे लिहिते आहे. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरगुती गोष्टीबद्दल माफ करावं. पण वाचा जरूर, कारण ही गोष्ट आमच्या अंगणातून सुरू होऊन पार जपानपर्यंत जाते.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. सासर बारामती. माहेरचं गाव आता नकाशावर शोधू नका. उजनीच्या पाण्यात गेलं. उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली, पण आमची उठवाउठव त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच झाली होती.

जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात तुळशीवृंदावन होतं. दगडी, चुन्यात बांधलेलं, पुरुषभर नसेल पण आम्हा पोरांना तेवढं वाटायचं. त्याच्या चार बाजूंना चार टाइल्स बसवलेल्या. पूर्वेला लक्ष्मी, दक्षिणेला आणि उत्तरेला मोर, पश्चिमेला गुलाबाची फुलं. प्रत्येक टाइल सहा इंच चौरस. आजी त्याला टाइल म्हणत नसे. ती म्हणायची, "चिनीतली लक्ष्मी." चिनीमातीची म्हणून चिनीतली! बरणी चिनीची, कपबशी चिनीची, तशी लक्ष्मीही चिनीची.

रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की आजी पदराचं टोक ओलं करून लक्ष्मी पुसायची. मग कुंकवाचं बोट. त्या टाइलवरचं चित्र सपाट नव्हतं, उठावाचं होतं. साडीच्या निऱ्या, हत्तीची सोंड, कमळाच्या पाकळ्या, सगळं बोटाला लागायचं. वर्षानुवर्षांचं कुंकू त्या खाचांत जाऊन बसलेलं होतं. अजूनही थोडं आहे. मी मुद्दाम काढू दिलेलं नाही.

या टाइल्स आजोबांनी मुंबईहून आणल्या. साल १९३४ च्या आसपासचं. वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्यांना ते चांगलं आठवत होतं. आजोबांचा गुळाचा व्यापार. नीरा डाव्या कालव्याने बारामतीकडे ऊस आला आणि उसामागे गुळाची पेठ आली. आजोबा बारामतीला गूळ घेत आणि मुंबईला पाठवत. पैशाच्या वसुलीला वर्षातून दोनदा मुंबईला जात. अशाच एका फेरीत त्यांनी पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यातून या टाइल्स आणल्या. दौंडपर्यंत मोठी गाडी, दौंडहून बारामतीपर्यंत १९१४ साली सुरू झालेली छोटी गाडी, आणि तिथून पुढे बैलगाडीने खोकं मांडीवर घेऊन. अण्णा सांगायचे, "बाप मला कधी मांडीवर घेऊन बसला नाही, पण त्या खोक्याला बसला!"

आता आपल्या घरातली दुसरी गोष्ट. ती तुम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी सांगतंच. आजोबा कट्टर स्वदेशी. १९३० साली त्यांनी अंगावरचा विलायती कोट आणि टोपी जाळली, त्यानंतर मरेपर्यंत खादी. घरात विलायती साखर नाही, विलायती काड्यापेटी नाही. "आपल्या घराचा उंबरा परदेशी वस्तूने कधी ओलांडला नाही", हे वाक्य मी स्वतःही शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात वापरलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

आणि ते खरं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गाव सोडायच्या वेळी अण्णांनी वृंदावनाच्या टाइल्स काढायला घेतल्या. मी नुकतीच नोकरीला लागलेली, मे महिन्याची सुट्टी होती म्हणून मदतीला गेले होते. चुन्यातलं काम होतं म्हणून बरं, सिमेंट असतं तर एकही निघाली नसती. अण्णा छिन्नीने हळूहळू कडा मोकळ्या करत होते आणि मी खाली गोणपाट धरून उभी. लक्ष्मी सुटली. गुलाब सुटले. एक मोर सुटला. दुसऱ्या मोराला छिन्नी जरा जास्त लागली आणि त्याचे दोन तुकडे झाले. आजी ओसरीवरून बघत होती. ती काहीच बोलली नाही.

मी ते तुकडे उचलले, मागचा चुना खरवडला आणि मागे ठसठशीत इंग्रजी अक्षरं दिसली. मेड इन जपान.

मी लक्ष्मी उलटी करून बघितली. तिच्याही पाठीवर तेच.

अण्णांनीही वाचलं. ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात आजीने विचारलं, "काय लिव्हलंय गं मागं?" मी म्हटलं, "काही नाही गं, कंपनीचं नाव आहे."

इतिहासाची शिक्षिका मी! पोरांना वर्गात म्हणायची, साधनं उलटसुलट तपासून बघा. आणि घरातलं साधन उलटं केल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर खोटं बोलले. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. अण्णांशी या विषयावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. टाइल्स एका लोखंडी ट्रंकेत गेल्या आणि मी भाषणं करत राहिले.

त्या टाइल्सचा इतिहास मी पुढे तुकड्यातुकड्याने गोळा केला. कुणी विद्वान म्हणून नाही, मनाला टोचणी होती म्हणून. ते तुकडे आता जोडून सांगते.

पहिला तुकडा बीदरचा. १९८६ साली आमच्या शाळेची सहल एसटीने नळदुर्ग, तुळजापूर, गुलबर्गा करत बीदरला गेली. बहामनी राज्य म्हटलं की महमूद गावान आणि त्याचा मदरसा, एवढं एक वाक्य आम्ही पोरांकडून घोटून घ्यायचो. वास्तू कधी बघितली नव्हती. महमूद गावान मूळचा इराणातल्या गीलानचा. व्यापारासाठी आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याने १४७२ साली हा तीन मजली मदरसा बांधला. समोरची सगळी भिंत रंगीत चकचकीत टाइल्सनी मढवलेली होती. पुढे १४८१ साली खोट्या पत्राच्या कटात त्याचा शिरच्छेद झाला. औरंगजेबाने बीदर घेतल्यावर इमारतीत दारूगोळा साठवला होता, आणि १६९६ साली स्फोट होऊन समोरची जवळजवळ अर्धी बाजू उडाली. आता एकच मनोरा उभा आहे. त्यावर नागमोडी पट्ट्यांत थोड्या टाइल्स उरल्या आहेत, आणि भिंतीवर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या पट्टीचे तुकडे.

मी तिथे उभी राहिले आणि मला आजीचं वृंदावन आठवलं. पाचशे वर्षांपूर्वीचा निळा रंग उन्हात काल लावल्यासारखा चमकत होता! दगड झिजतो, चुना गळतो, रंगवलेलं चित्र उडतं. पण ही चकाकी म्हणजे खरं तर काच असते. मातीच्या पाटीवर काचेची पूड आणि धातूंचे क्षार लावून भट्टीत भाजलं की काच वितळून मातीला धरून बसते. कोबाल्टने गडद निळा येतो, तांब्याने मोरपिशी, कथलाने पांढरा. रंग त्या काचेच्या आतच असतो, म्हणून उडत नाही.

ही कला महमूद गावानच्या आधीपासूनच इराणी कारागिरांबरोबर दख्खनमध्ये आलेली होती. बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालातही असं काम आहे, आणि त्याच महालात काळ्या दगडात शिंपले जडवले आहेत. पण ही सगळी राजेलोकांची आणि सरदारांची गोष्ट. तुमच्याआमच्या अंगणात ती टाइल पोचली नाही. एकेक टाइल हाताने घडवायची, हाताने रंगवायची... परवडणार कुणाला?

ती अंगणात यायला इंग्लंडातल्या यंत्राची गरज लागली. हा दुसरा तुकडा. ओली माती भाजताना आकसते आणि वाकते, त्यामुळे सगळ्या टाइल्स एका मापाच्या होणं अवघड असतं. १८४० साली रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंग्रजाने एका युक्तीचं पेटंट घेतलं. जवळजवळ कोरड्या मातीची पूड पोलादी साच्यात घालायची आणि दट्ट्याने जोरात दाबायची. त्याने ते बटणं करण्यासाठी शोधलं होतं! स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ते टाइल्सना लावलं. मग त्याच कारखान्यात लिऑन आर्नू या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाट रंगांची चकाकी तयार केली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती गाजली. तिला मॅजोलिका म्हणायला लागले. साच्यातच चित्राचा उठाव असायचा, त्यात रंग भरायचे आणि पुन्हा भाजायचं. खोलगट जागी रंग जास्त साठतो म्हणून तिथे गडद दिसतो, उंचवट्यावर पातळ होतो म्हणून फिका. चित्राला सावली आपोआप येते. आजीच्या लक्ष्मीच्या निऱ्या तशाच आहेत बघा.

मिंटनच्या टाइल्स मुंबईत बघायच्या असतील तर भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, १९७५ साली नाव बदललं आणि मोठ्या डागडुजीनंतर २००८ पासून पुन्हा खुलं झालं. तिथली जमीन मिंटनची आहे. त्या जमिनीवरच्या टाइल्स वेगळ्या जातीच्या. त्यात नक्षी वरून रंगवलेली नसते, वेगवेगळ्या रंगांची माती आत खोलवर भरलेली असते. म्हणून लाखो पाय फिरले तरी नक्षी पुसली जात नाही. मी गेले तेव्हा लेक म्हणाली, "आई, वर बघ, छत किती सुंदर आहे!" आणि मी आपली मान खाली घालून जमीन बघत होते.

आता तिसरा तुकडा, जपानचा. इथे मला जावयाची मदत झाली. तो नोकरीनिमित्त काही वर्षं नागोयाला होता. नागोयाजवळ तोकोनामे नावाचं कुंभारांचं जुनं गाव आहे आणि तिथे टाइल्सचं मोठं संग्रहालय आहे. २०१८-१९ मध्ये तिथे जुन्या जपानी मॅजोलिका टाइल्सचं प्रदर्शन भरलं होतं. जावयाने सहज म्हणून फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "आई, इथे काचेच्या कपाटात आपले देव आहेत!"

मी ते फोटो मोठे करून करून बघितले. कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी, मोर. माझ्या ट्रंकेतल्या टाइल्सची सख्खी भावंडं.

झालं होतं असं. जपानी कारखानदारांनी मिंटनसारख्या इंग्रजी टाइल्स समोर ठेवून, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोरड्या मातीची तीच पद्धत साधली. मग १९१४ चं महायुद्ध आलं. युरोपचा माल आशियात येईना. ती जागा जपानने धरली. अवाजी नावाच्या बेटावरची दांतो ही त्यातली एक मोठी कंपनी. त्यांचा माल सिंगापूर, पिनांग, तैवान आणि हिंदुस्थानात जायला लागला. जिथे जे खपेल तिथे ते! तैवान आणि सिंगापूरच्या चिनी घरांसाठी पीच, डाळिंबं, फळांच्या परड्या. आणि आपल्यासाठी आपले देव. मुंबईतल्या जुन्या चाळींचे जिने, चेट्टीनाडच्या हवेल्या, जुन्या आरशांच्या चौकटी आणि गोव्या-कोकणातली तुळशीवृंदावनं, इथे या टाइल्स अजून सापडतात.

पण जपानी कारागिराला लक्ष्मी कशी दिसते हे कसं कळलं? त्याने कुठे बघितली ती?

याचं उत्तर वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन मिनिटं खोलीत फिरले. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून! रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. प्लेगच्या दिवसांत तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पुढे रविवर्म्याने तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशरला, विकला. तिथून ती चित्रं देशभर गेली. लाखो घरांत देव्हाऱ्यावर लागली, कापडाच्या गाठोड्यांवर आणि काड्यापेट्यांवर आली. १९७२ साली आगीत छापखान्याचं अतोनात नुकसान झालं.

मळवली! म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात. मी आमच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी काढली आणि टाइलशेजारी ठेवली. चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. टाइलवर जागा कमी म्हणून हत्ती जरा आखडलाय आणि देवीचे डोळे किंचित बारीक झालेत. बाकी तीच. मळवलीसारख्या ठिकाणी जर्मन यंत्रावर छापलेली लक्ष्मी बोटीने जपानला गेली, तिथे इंग्रजी पद्धतीच्या साच्यात बसली, भट्टीत भाजली, मुंबईला उतरली आणि आजोबांच्या मांडीवर बसून इंदापूर तालुक्यात आली. निघाली त्याच जिल्ह्यात परत!

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तोच मला सगळ्यात जास्त छळत होता. आजोबांना माहीत होतं का?

आता वाटतं, माहीत असणारच. व्यापारी माणूस. खोकं उघडून एकेक टाइल उलटीसुलटी करून, टिचकी मारून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. मग कट्टर स्वदेशी माणसाने ती घेतली कशी?

त्या काळचं बाजाराचं चित्र बघितलं तर थोडा उलगडा होतो. १९३० चा बहिष्कार मुख्यतः इंग्रजी मालावर होता. विलायत म्हणजे इंग्लंड. जपान हा आशियातला देश, १९०५ साली रशियाला हरवलेला. आपल्याकडच्या जुन्या पिढीला त्याचं केवढं कौतुक! त्यात डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सोन्याचं परिमाण सोडलं, येनचा भाव घसरला आणि जपानी माल एकदम स्वस्त झाला. मुंबईच्या गिरण्या हवालदिल झाल्या. १९३३ साली सरकारने जपानशी असलेला जुना व्यापारी करार मोडायची नोटीस दिली आणि ब्रिटिशेतर सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. उलट जपानी गिरणीवाल्यांनी आपला कापूस घेणं बंद केलं. म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी अडकला! शेवटी १९३४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. तुमचा इतका कापूस घेऊ, आमचं इतकं कापड घ्या. त्याच वर्षांच्या आसपास आजोबा मुंबईच्या बाजारात टाइल्स बघत उभे होते.

स्वदेशी प्रयत्न होतेच. पुणे जिल्ह्यातच तळेगावला पैसा-पैसा वर्गणी जमवून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला होता. मुंबईत फेरोजशा सिधवा यांनी १९२२ साली भारत टाइल्सची सुरुवात केली, तीही स्वदेशीच्या विचारानेच. पण त्या सिमेंटच्या, जमिनीच्या फरश्या. त्या भट्टीत भाजत नाहीत, रंगीत सिमेंट साच्यात ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. फुलाफुलांच्या त्या फरश्या तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोळी असतील. कुंकू लावता येईल अशी चकचकीत लक्ष्मी त्यांत नव्हती.

आणि आजीला लक्ष्मी हवी होती. हे अण्णांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, मीच नीट ऐकलं नव्हतं. त्या आधीच्या वर्षी आजीचं एक मूल गेलं होतं, दोन वर्षांची मुलगी. आजी वृंदावनापाशी बसून राहायची. आजोबा मुंबईला निघाले तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. बारामतीला एका व्यापाऱ्याच्या घरी तिने चिनीतली लक्ष्मी बघितली होती, तशी आणा म्हणाली. आजोबांनी आणली. कोट जाळणाऱ्या माणसाने पाठीवर जपान लिहिलेली लक्ष्मी आणली, चुन्यात बसवली, आणि पाठ भिंतीत गेली. त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

मला वाटतं, त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा आणि माझ्याही भाषणांपेक्षा हे जास्त खरं आहे. तेव्हा इथून पुढे आपल्या घरच्या लग्नकार्यात "उंबरा कधी ओलांडला नाही" ही गोष्ट सांगू नका. सांगायचीच तर अशी सांगा, की आजोबांनी कोट जाळला तो खरा, खादी घातली तीही खरी, आणि बायकोसाठी एकदा नियम मोडला तेही खरं. कुणाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. धाकट्या काकांना तर नक्कीच वाटेल, त्यांना मी आधी फोन केला आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. वहिनीने वृंदावन सारवताना एकदा कडेची टाइल सैल झाली होती, तेव्हा मी वाचलं होतं. मीही बोललो नाही." म्हणजे बघा! एका घरातली तीन माणसं एकच गोष्ट पन्नास वर्षं एकमेकांपासून लपवत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं म्हणून लोक बघायला जात होते. मी पुतण्याला म्हटलं, मला आपल्या गावाकडे ने. भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. वाड्याचं जोतं सापडलं. ओसरीची पायरी ओळखू आली. वृंदावनाचा मात्र पत्ता लागला नाही, गाळाखाली गेलं असणार. पुतण्याने मोबाइलवर फोटो काढले. एवढं सगळं पाण्याखाली गेलं आणि चार टाइल्स तेवढ्या आपण वर आणल्या आहेत, हे मला तिथे उभी असताना जाणवलं.

म्हणून पुतण्याला माझं सांगणं असं. विकू नकोस. पैशाची अडचण असेल तर तसं सांग, आपण मिळून बघू. आता टाइल्सची काही कमी नाही. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल्स आज गुजरातेत मोरबीला होतात आणि तुझ्या नव्या घराला तू त्याच बसवल्या आहेस, छान आहेत. पण बारामतीच्या त्या नव्या घराच्या मागे तू वृंदावन बांधणार आहेस ना? त्यात पूर्वेला लक्ष्मी बसव. चुन्यात बसव, सिमेंटात नको. पुढे कुणाला काढायची वेळ आली तर ती सुखरूप निघाली पाहिजे. शेजारी धड असलेला मोर आणि गुलाब लाव.

फुटका मोर मात्र भिंतीत घालू नकोस. तो माझ्याकडे दे. दोन्ही तुकडे मी एका पेटीत ठेवणार आहे, आणि घरातलं प्रत्येक पोर वाचायला लागलं की त्याच्या हातात देणार आहे. उलटा कर म्हणून.

यंदाच्या तुळशीच्या लग्नाला सगळे बारामतीला या. काका येतो म्हणाले आहेत. आणि इतर वाचकांनो, तुमच्या घरच्या वृंदावनावर, जिन्यावर, जुन्या आरशाच्या चौकटीत अशी एखादी टाइल असेल तर कळवा. पाठ वाचता आली तर तीही कळवा. वाट बघते.